लारिसाबाईंचं राहिलेलं गाणं

लारिसाबाईंनी मला शेवटपर्यंत 'नारळवाला'च म्हटलं. किनाऱ्यावर शहाळी सोलत होतो तेव्हाही आणि नागावात माझं बारा खोल्यांचं हॉटेल उभं राहिल्यावरही. भर पाहुण्यांत हाक यायची, "ए नारळवाल्या, गल्ल्यावर बसून जाड झालास रं!" मराठी त्या मासे विकणाऱ्या बायकांकडून शिकल्या होत्या. त्यामुळे घासाघिशीत मी त्यांच्यापुढे हरायचो. एरवी मी कुणापुढे हरत नाही.

एकेकाळी सोव्हिएत देशात त्यांचं गाणं घराघरात वाजायचं. तिकडे शिकायला गेलेल्या अलिबागच्या एका इंजिनिअरशी त्यांनी लग्न केलं. तो देश मोडला तशा त्या इकडे आल्या आणि नवरा गेल्यावरही इथंच राहिल्या. "देश गेला, पेन्शन गेली, आवाज तेवढा कस्टमवाल्याला गावला न्हाय," म्हणून हसायच्या.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं वाट पाहणाऱ्या बाईचं होतं. हॉटेलच्या उद्घाटनाला त्या ते गाणार, असा फलक मी त्यांना न विचारताच लावला. बाई आल्या, कोळंबीभात चापला, दुसरीच चार गाणी गायल्या आणि खाली बसल्या.

"बाई, फलकावरचं गाणं?"

"फलक तू लावलास. तूच गा."

मी चारचौघांत भडकलो. कित्येक दिवस अबोला धरला. शेवटी त्यांनीच कारण सांगितलं. लढाईवर निघालेल्या पोरांना निरोप द्यायला तिकडचं सरकार त्यांना स्टेशनावर तेच गाणं गायला लावायचं. एका गाडीत त्यांचा धाकटा भाऊ होता. तो परतला नाही.

"जानाऱ्यापुढं आता गानार न्हाय. आन् हाटेलात तर समदे जानारेच," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी माझा मुलगा मालवाहू जहाजावरच्या नोकरीला निघाला. मांडव्याच्या धक्क्यावर बायकोचं रडं थांबेना, म्हणून निरोपाला आलेल्या बाईंना मी त्या गाण्यासाठी पुन्हा गळ घातली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"त्यो परत येल ना, त्या दिशी गाते. हितंच."

"शब्द?"

"शब्द. पन कोळंबी तुझ्याकडून."

इतका सरळ सौदा आमच्यात कधी झाला नव्हता.

मुलगा परतायच्या आधीच बाई गेल्या. झोपेतच. माझ्याशी घासाघीस पुष्कळ केली, पण शब्द मोडला तो एवढाच. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मुलगा बोटीतून उतरला, तेव्हा धक्क्यावर नुसती गर्दी होती. रिक्षात त्याला सगळं सांगितलं. त्यानं लगेच मोबाइलवर ते गाणं शोधलं. तरुणपणीच्या लारिसाबाई, केस उंच बांधलेले, माइकसमोर उभ्या.

"बाबा, हे बघा, फुकट आहे. लावू?"

मी मोबाइल घेतला आणि त्याच्या खिशात कोंबला.

"फुकटचं नको," म्हटलं. "माझं बाईंशी ठरलेलं आहे."