मध्यंतरातला फोन

भिंगकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांची थोरली बहीण. बाकी साऱ्या गावाला ते भिंगकाका. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दगडी चाकावर काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, यात त्यांची हयात गेली. लग्न केलं नाही. घरी ताई, दुकानात चाक, आणि रविवारी फुटबॉल. फुटबॉलमध्ये पोस्ट्या आलाच.

पोस्ट्या म्हणजे निवृत्त पोस्टमन. दोघांची मैत्री जमली ती मैदानाच्या कुंपणाला टेकून, आणि तिथेच वाढली. गावाचा संघ दुसरीकडे खेळायला निघाला की पाठीराख्यांची एक मिनीबस निघायची. तिच्यात ढोलवाल्याच्या मागची बाकं या दोघांची. हिरवं कापड दोन काठ्यांवर ताणून भलामोठा फलक केलेला होता. त्याची डावी काठी भिंगकाकांनी धरायची, उजवी पोस्ट्याने. एकाने हात खाली घेतला की फलक लोंबायचा, म्हणून दोघं एकाच वेळी शिंकायचेसुद्धा नाहीत, असं ढोलवाला म्हणायचा.

नदीपलीकडच्या गावाशी सामना होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी पोस्ट्याचा फोन आला.

"कंबर धरलीय रे. उठताबसता येत नाही."

"अरे देवा! मग उद्या?"

"उद्या तूच सांभाळ. मध्यंतरात फोन करतो, स्कोअर सांग."

हीसुद्धा त्यांची जुनीच रीत. ज्याला जाता आलं नाही त्याने मध्यंतरात फोन करायचा, दुसऱ्याने पूर्वार्धाचं सगळं वर्णन करायचं.

सकाळी बस पकडण्याआधी भिंगकाका वाट वाकडी करून पोस्ट्याच्या दारात गेले. ताईने शेकायची रबरी पिशवी दिली होती. दार वहिनींनी उघडलं. पिशवी घेतली, पण नजर दिली नाही.

"झोपलेत," त्या म्हणाल्या.

"झोपू द्या, झोपू द्या. उठवू नका. आणि त्याला म्हणावं, जड काही उचलू नकोस."

"सांगते," वहिनी म्हणाल्या आणि दार लोटलं. भिंगकाकांना वाटलं, बिचारी रात्रभर जागलेली दिसते.

बसमध्ये ज्याने त्याने पोस्ट्याची चौकशी केली. भिंगकाकांनी कंबरदुखीचं इतकं साग्रसंगीत वर्णन केलं, की ढोलवाला म्हणाला, "काका, कंबर त्यांची दुखतेय की तुमची?" बस हसली. भिंगकाकाही हसले. मोकळ्या बाकावर त्यांनी गुंडाळलेला फलक आडवा ठेवला होता.

पलीकडच्या गावाचं मैदान यजमानांसाठी चांगलं होतं. त्यांच्या बाजूला छप्पर, छपराखाली रांगेने पिवळ्या खुर्च्या. पाहुण्यांना गोलपोस्टमागचा जाळीबंद कोपरा, डोक्यावर ऊन, बसायला काही नाही. भिंगकाकांनी फलकाची उजवी काठी सुतळीने जाळीला बांधली आणि डावी हातात धरली. कापड काही नीट ताणलं गेलं नाही. मधला भाग सैल पडला आणि संघाच्या नावातली दोन अक्षरं चुरगळून आत गेली.

"चालतंय," ढोलवाला म्हणाला.

"चालतंय कसलं? त्याच्या हातात काठी असती तर सुरकुती दिसली नसती," भिंगकाका म्हणाले.

मध्यंतराच्या तोंडावर यजमानांच्या पिवळ्या संघाने गोल केला. समोरचं छप्पर दणाणलं. शिट्टी झाली आणि ठरल्याप्रमाणे भिंगकाकांच्या खिशात फोन वाजला.

"काय रे, काय चाललंय?" पोस्ट्याचा आवाज ओढलेला, दुखणेकऱ्याला शोभेल असा.

"तू आधी सांग, शेकलंस का?"

"हो रे. पडून आहे आपला. कूस बदलता येत नाही."

तेवढ्यात मैदानावरचा कर्णा खरखरला. एक पांढरी गाडी फाटकासमोर आडवी लावली होती, ती ताबडतोब काढावी, असं कोणीतरी ओरडून सांगत होतं. भिंगकाकांनी ते उजव्या कानाने ऐकलं. आणि डाव्या कानाला लावलेल्या फोनमध्येही तीच पांढरी गाडी, तेच फाटक, तोच माणूस ओरडत होता.

क्षणभर त्यांना काहीच उमगलं नाही. मग त्यांनी मान वर केली.

छपराखाली, दुसऱ्या रांगेत, एक माणूस कानाला फोन लावून बसला होता. बोलताना त्याने चष्मा कपाळावर सरकवलेला. फोनवर बोलायचं म्हटलं की चष्मा कपाळावर चढवायची पोस्ट्याची ही सवय भिंगकाकांना चांगली ठाऊक होती. तो चष्मा त्यांनीच बनवला होता. शेजारी पोस्ट्याचा जावई होता, गळ्यात पिवळा पट्टा घातलेला. लेक याच गावात दिलेली.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" फोनमधला पोस्ट्या म्हणाला. समोरच्या पोस्ट्याने पाय लांब केले.

"येतंय," भिंगकाका म्हणाले.

"मग सांग की. स्कोअर काय?"

भिंगकाका आयुष्यात फार थोडं खोटं बोलले होते. आता मात्र त्यांना वाटलं, याला एक वाट मोकळी करून द्यावी. चुकीचं काही सांगितलं तर हा चमकेल, हसेल, म्हणेल, अरे चल, मी इथेच बसलोय, समोर बघ. मग आपण दोन शिव्या घालू आणि विषय संपेल.

"आपण एक गोलने पुढे," ते म्हणाले.

समोरचा माणूस थबकला. गोल पिवळ्यांचा होता, आणि तो सगळ्यांबरोबर त्यानेही पाहिला होता. भिंगकाका श्वास रोखून वाट पाहत राहिले.

"अरे वा!" पोस्ट्या म्हणाला. "झकास! चल, ठेवतो. कंबर बोलू देत नाही."

समोर त्याने चष्मा खाली घेतला आणि जावयाने पुढे केलेला चहाचा कप धरला.

उत्तरार्धात हिरव्यांनी बरोबरी साधली. ढोल बडवला गेला, जाळी हलली. भिंगकाकांनी गोल पाहिलाच नाही. त्यांचे डोळे छपराखाली होते. पोस्ट्या खुर्चीतून अर्धा उठला, त्याचे हातसुद्धा वर जायला निघाले. मग त्याने जावयाकडे पाहिलं, शर्ट खाली ओढला आणि बसला.

"काका, ओरडा की!" ढोलवाल्याने ढोसलं.

"घसा बसलाय," भिंगकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगकाका काच चाकाला लावतात न लावतात तोच पोस्ट्या आला, कंबरेवर हात ठेवून. रोजच्या स्टुलावर कण्हत टेकला.

"बरोबरी झाली म्हणे. पेपरात वाचलं."

"पेपरात वाचलंस?"

"मग काय!"

"चष्मा कपाळावर ठेवून तुला वाचता येत नाही," भिंगकाका म्हणाले. "फोनवर मात्र बोलता येतं."

पोस्ट्याचा हात कंबरेवरून खाली आला.

"जावयाने बोलावलं रे. नाही म्हणता येईना. तुला सांगितलं असतं तर तू तोंड पाडून बसला असतास."

"असतो. मग?"

"मग काय… तिथे खुर्ची असते. उन्हात उभं राहण्याचं आपलं वय राहिलं नाही आता."

"मागल्या वेळचा ताप?"

"तो खरा होता. शपथ."

"आणि त्याच्या आधी पाय मुरगळला होता तो?"

पोस्ट्या काचांच्या ट्रेकडे बघू लागला.

"खुर्चीचं मला काही नाही," भिंगकाका म्हणाले. "लेकीच्या सासरी बसलास, बस. पण मी गोल आपला म्हटलं, तेव्हा तू 'अरे वा' का म्हणालास? तुझ्या डोळ्यांदेखत त्यांनी केला होता."

"मला वाटलं," पोस्ट्या हळूच म्हणाला, "मी आजारी आहे म्हणून तू मला खूश करतोयस."

भिंगकाकांनी हातातली काच खाली ठेवली.

"आणि तू खूश झालास."

"तसं नाही रे. लाज वाटली. म्हणून तर फोन लगेच ठेवला." तो उठला, आता न कण्हता. "पुढच्या रविवारी आपल्याकडे सामना आहे. मी येतो."

"ये. मैदान काही माझ्या बापाचं नाही."

"तुझ्याजवळ उभा राहू ना?"

"नको," भिंगकाका म्हणाले, आणि त्यांनी चाक सुरू केलं. त्या खरखरीत पुढचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

दुपारी ते घरी जेवायला गेले. ताईने पान वाढलं आणि विचारलं, "पोस्ट्याची कंबर कशी आहे रे? पिशवीचा उपयोग झाला का?"

"त्याच्या कंबरेला काही झालंच नव्हतं, ताई."

"म्हणजे?"

"तो तिथेच होता. पलीकडच्या बाजूला बसला होता."

ताईचा हात वाढता वाढता थांबला. तिला वाटलं आपणच काहीतरी चुकीचं समजतोय. "कुठे बसला होता?"

"खुर्चीत," भिंगकाका म्हणाले, आणि त्यांनी पान बाजूला सारलं.