एकोणसाठ वजनाचा शोध

मर्ना स्टेफॅनिकच्या बापाचं वेल्डिंगचं दुकान होतं, म्हणून विनिपेगच्या एका प्रयोगशाळेनं तिला मेकॅनिक म्हणून ठेवून घेतलं. तिथं एका लांब स्टीलच्या नळीत शनीच्या चंद्राची, टायटनची, हवा बनवत. सिलेंडरमधले वायू सोडायचे, त्यांत विद्युतभारित कण म्हणजे आयन घुसवायचे, आणि टकरींतून कोणते नवे आयन जन्मले ते वजनावरून ओळखायचं. नळी गळाली की मर्ना, पंप बसला की मर्ना. नळीतून काही हाती लागलं की मात्र प्रोफेसर हॅलोरन. सव्वीस वर्षांत चाळीस शोधनिबंध तिच्या हाताखालून गेले, नाव एकावरही नाही. ती बोलून दाखवत नसे, पण तिला ते फार लागे.

यंदा हॅलोरनना एकोणसाठ वजनाचा आयन सापडला. त्यात प्राणवायू होता, आणि टायटनवर तर तो नावालाच. स्वारी हरखली. जीवसृष्टीची पहिली वीट सापडल्याचं त्यांनी कॉफीच्या रांगेतसुद्धा ऐकवलं, आणि आनंदाच्या भरात लेखकांच्या यादीत अकरावं नाव मर्नाचं टाकलं. तिनं ते पान घरी नेऊन फ्रिजवर लावलं.

सोमवारी ती सिलेंडर बदलायला गेली. अ‍ॅसिटिलीनची बाटली जवळजवळ रिकामी, आणि वायूतली भेसळ गारठवून अडवणारी तिच्यापुढची थंड वळणनळी काढून ठेवलेली. वेळ खाते म्हणून हॅलोरननीच ती काढली होती. अ‍ॅसिटिलीनचा स्फोट होऊ नये म्हणून बाटलीत ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात, आणि बाटली संपत आली की अ‍ॅसिटोनही जास्त बाहेर येतं. त्याला एक प्रोटॉन चिकटला की होणारा आयन भरतो बरोबर एकोणसाठ. बाटलीत काय असतं हे कुठल्याही वेल्डरनं सांगितलं असतं, पण शनीपर्यंत नजर पोचलेल्या माणसाला बाटलीचं बूड दिसलं नव्हतं.

गप्प बसली तर नाव छापून येणार होतं. तासभर तिनं तोही विचार केला. मग वळणनळी कोरड्या बर्फात बसवून यंत्र चालू केलं आणि हॅलोरनना बोलावलं. एकोणसाठ गायब.

"तुमची जीवसृष्टी नेलपॉलिश काढायच्या बाटलीतही मिळते, प्रोफेसर," ती म्हणाली.

निबंध मागे घ्यावा लागला. महिन्याभरात हॅलोरननी दुसरा लिहिला: अ‍ॅसिटिलीन वापरताना घ्यायची खबरदारी. लेखक एकच. वर मसुदा मर्नाच्याच टेबलावर ठेवून, जरा नजर फिरव म्हणाले.

मर्नानं तो दोनदा वाचला. वळणनळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवावी, असं त्यात लिहिलं होतं. तसं केलं तर अ‍ॅसिटोनबरोबर अ‍ॅसिटिलीनही गोठून बसतं, आणि ते धोक्याचं. तिनं कागद जुळवले आणि परत दिले.

"यात एक चूक आहे. तशीच छापलीत तर पुन्हा हसं होईल."

"कुठली?"

"आधी लेखकांत माझं नाव घाला," मर्ना म्हणाली. "पहिलं."