ठिणगीपासून लांब बसलेली

आमच्या तळ्याकाठी कुणाला विचारा, आग कोण पेटवतं? सगळे हुर्कमामाचं नाव घेतील. मामा गुडघ्यावर बसतो, गारगोटीवर पिवळा दगड घासतो, ठिणगी पडते, धूर येतो आणि पोरं नाचायला लागतात. मामाही मान वर करून असा बघतो की जणू सूर्य त्यानेच उगवला. मला तेव्हा त्याच्या डोक्यात तो दगड घालावासा वाटतो.

ठिणगी पडते ती कशावर? भूर्जाच्या खोडावर हरणाच्या खुरासारखी कडक अळंबी उगवते, तिला आम्ही खूरच म्हणतो. झाडावरून काढलेल्या कच्च्या खुरावर दिवसभर ठिणग्या पाडा, काही होत नाही. वरचं कवच कापायचं, आतला तपकिरी गर सोलायचा, राखेच्या पाण्यात भिजत घालायचा, मग शिंगाच्या मोगरीने कुटत राहायचं, हरणाच्या कमावलेल्या कातड्यासारखा मऊ होईपर्यंत. मग वाळवायचा, पुन्हा कुटायचा. पानगळीपासून बर्फ वितळेपर्यंत हेच काम. ते करायची माझी ओर्मामावशी, हुर्कमामाची सख्खी बहीण.

मावशी गरीब गाय वगैरे नव्हती. तोंडाची भयंकर फाटकी. राखेच्या पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या, आणि कुणी शिकारी पिशवी भरून घ्यायला आला की ती म्हणायची, "घे बाबा घे. हरणाच्या मागे पळून दमला असशील. हरीण कुठाय पण?"

एवढं बोलायची, पण बसायची कुठे? दाराशी. कुटलेल्या खुराचं असं असतं, की चुलीतली एक ठिणगी उडाली तरी तो पेट धरतो. ज्वाळा नाही, काही नाही, आतल्या आत धुमसत राहतो आणि पाणी टाकलं तरी लवकर ऐकत नाही. मावशी तरुण असताना चुलीजवळ बसून कुटत होती, तेव्हा सगळ्या हिवाळ्याचं काम असंच धुमसून गेलं आणि झोपडीचा एक कोपराही जळला. मामाने तिला उचलून दाराशी बसवली. ती तिथेच म्हातारी झाली. दाराच्या कातड्याखालून वारा यायचा, बर्फाची भुकटी यायची. मधे आग, आगीभोवती आम्ही सगळे मासे भाजत बसलेलो, आणि ज्या बाईच्या जिवावर ती आग, ती तिकडे पाय पोटाशी घेऊन मोगरी आपटतेय! मी कितीदा म्हटलं, मावशी, काम ठेव आणि ये इकडे. ती अंगावरचा भुसा दाखवायची. "हा पेटला तर? तुझा मामा पुन्हा कोकलेल." मामा ऐकत असायचा. जागचा हलायचा नाही.

या हिवाळ्यात तिची छाती भरली. शेवटी शेवटी तिला धड बोलता येत नव्हतं, तरी माझा हात धरून म्हणाली, "तिल्ला, माझ्याबरोबर आगपिशवी ठेवायला लाव. दगड, गारगोटी, खूर, सगळं. तिथे तरी कुणी मला दाराशी बसवायला नको."

ती गेली. मी मामाला सांगितलं. मामा माशाचा काटा दातांतून काढत म्हणाला, "बाईमाणसाला कुठे आगपिशवी देतात? ठिणगी पाडणाऱ्याबरोबर त्याची पिशवी जाते. तिला तिची मोगरी द्या."

"तिने कुटलं नसतं तर तू ठिणगी कशावर पाडली असतीस? डोक्यावर?"

"पिवळा दगड किती लांबून येतो माहितीये तुला? पुरायला नसतो तो."

"तिच्याबरोबर नाही, पण तुझ्याबरोबर पुरतील तो!"

"माझं तेव्हाचं तेव्हा बघू," मामा म्हणाला आणि उठून गेला. मी त्याच्यामागून दारापर्यंत ओरडत गेले.

सकाळी मातीला निघालो. जमीन दगडासारखी गोठलेली. अशा वेळी आधी त्या जागेवर आग करावी लागते, माती सुटली की मग खणायचं. आणि घरच्या चुलीतली आग मेलेल्या माणसासाठी न्यायची नाही, तिथेच नवी पाडायची, जवळच्या माणसाने, त्याच्या पिशवीतून. बाकीच्यांनी पिशव्या घरी ठेवायच्या. मावशीला घसरगाडीवर ठेवलेली, आम्ही सगळे भोवती उभे. मामाने पिशवी उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. पहाटे बर्फात भोक पाडून मासे धरताना पिशवी भिजली होती. दगड पुसता येतो. भिजलेला खूर काय कामाचा?

त्याने माझ्यापुढे हात केला. मावशीने कुटलेली शेवटची गुंडाळी माझ्या अंगरख्यात होती.

"आण."

"आधी पिशवी तिची म्हण."

"तिल्ला, इथे तमाशा करू नकोस."

"करणार. म्हण."

मामाने मला शिवी दिली आणि सुक्या गवतावर ठिणग्या पाडू लागला. ठिणग्या पडत होत्या, विझत होत्या. भूर्जाची साल खरवडून बघितली, तेच. कपाळावर त्या थंडीत घाम आला त्याच्या. कुणी हसलं नाही. शेवटी ईस्कामामी, त्याचीच बायको, जी जन्मात त्याच्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती, ती म्हणाली, "देऊन टाका की ती पिशवी. किती वेळ तिला उघड्यावर ठेवणार?"

"आणि मी शिकारीला काय नेऊ?"

"दुसऱ्याकडे मागून घ्या. लाज वाटते का मागायला?"

मामाने गारगोटी खाली ठेवली. मग म्हणाला, "तिची."

"मोठ्याने."

"तिची! झालं समाधान?"

मी तुकडा दिला. पहिल्याच ठिणगीला त्याने पेट धरला. लाल टिपका पसरत गेला, मामाने तो सालीत ठेवून फुंकर घातली आणि जाळ झाला. लाकडं रचली, ती जळून निखारे होईपर्यंत थांबलो, मग ते बाजूला ओढून खणायला घेतलं. सुटलेला थर संपला की पुन्हा निखारे आत, पुन्हा खणायचं. खड्डा पुरा झाला तेव्हा मातीतून वाफ येत होती.

मावशीला आत निजवली. पिशवी ठेवायला मामा स्वतः उतरला. ठेवली. मग उकिडवा बसला, दोन्ही तळहात खालच्या मातीवर टेकले आणि तसाच राहिला.

"चांगली ऊब आहे गं इथे," तो म्हणाला.

एवढी वर्षं आगीजवळची जागा अडवून बसलेला माणूस, आणि आता इथेही!

"वर ये, मामा," मी म्हटलं. "ती ऊब तिची आहे."