उपासाले चहा चालते

छातीवर मूठ आपटायच्या, एक ढेकर काढायच्या आणि म्हणायच्या, "गॅस हाय वं, गॅस!" नंदनवन कॉलनीतल्या आमच्या शेजारच्या काकू. जिना चढताना थांबल्या तरी गॅस, डावा हात जड पडला तरी गॅस. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतीलच. त्यांच्याशी बोलून डोकं फिरतं.

मी हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनच्या विभागात काम करते. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध द्यायचं आणि कॅमेऱ्याने बघायचं, हृदयाच्या स्नायूला कुठे रक्त पुरतं, कुठे नाही. भांडून भांडून काकूंना तयार केलं. त्यांचा ईसीजी बिघडलेला, म्हणून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर न चालवता रक्तवाहिन्या फुलवणारं इंजेक्शन द्यायचं होतं. चहाने त्या इंजेक्शनचा जोरच मरतो, मग दुखणं असूनही दिसत नाही.

"काकू, आदल्या दिवसापासून चहा बंद. एक घोटही नाही."

"हो वं माय, उपाशीच येते ना!"

नेमकी त्या दिवशी मी रजेवर. आमच्या विभागातल्या एका शहाणीने अर्धाच प्रश्न विचारला, "आजी, उपाशी ना?" काकू म्हणाल्या, "कडक!" रिपोर्ट नॉर्मल.

संध्याकाळी काकू संत्रा बर्फी घेऊन हजर. "मी म्हणत होती ना, गॅसच हाय! उपाशी राहून जीव गेला माहा. नुसत्या चहावर होती."

"चहा घेतला तुम्ही?"

"मंग? उपासाले चहा चालते."

"एकादशी होती काय ती?" मी अशी ओरडले की फाटकाजवळचं कुत्रं उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासणीसाठी मंगळवारची तारीख दिली. काकूंच्या मुलालाही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आमचं कोण ऐकते?" काकू फुरंगटल्या.

"नॉर्मल हाय तं परत काहून? रविवारी रामटेकचा गडच चढून दाखवते तुले."

"नका हो काकू, हात जोडते." माझ्या जोडलेल्या हातांवर चापट मारून त्या हसत आत गेल्या. इतका संताप आला, आणि तरी त्या हसण्याने मला हसू फुटलं.

रविवारी गडावरून फोन. "पोचली वं! आता बोल!" आवाजात धाप, मागे माकडांचा गलका. "बसा आधी, लगेच उतरू नका," म्हणेपर्यंत फोन बंद. उतरताना पायरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत.

घरी जमलेल्या बाया म्हणत होत्या, "काय नशीब वं! रामाच्या दारात गेली."

माझं टाळकंच सरकलं. "कसलं नशीब? परवा तारीख होती त्यांची!"

एकीने माझा दंड धरला. "मयताच्या घरी असं ओरडू नये, बाई."

का ओरडू नये? ज्यांच्यावर ओरडायचं होतं त्या समोर पांढऱ्या चादरीखाली होत्या, आणि पहिल्यांदाच माझं सगळं निमूट ऐकून घेत होत्या.