खाकीच्या भट्टीवर गेलेलं नाक

भटूबाबाला महारोग नव्हता. हे आधी ऐका, मग बाकीचं. परवा प्रमिलाआत्याला मसणात पोहोचवून लोक परत आले, अजून अंगावरचं पाणी वाळलं नव्हतं, तर ओट्यावर बसून पुन्हा तेच, "महारोग्याची पोर होती ती, म्हणून तर लगीन राहिलं." तोंडं झडोत यांची.

भटूबाबा म्हणजे आत्याचा बाप. नंदुरबारचा रंगारी, नीळवाला. निळीचं पीप पिकलं का नाही हे डोळ्यानं कळत नाही, वासानं कळतं. बाबा पिपावर अर्धा वाकायचा, नाक पार पाण्याला टेकवायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "आज नही, सकाय." आणि दुसऱ्या दिवशी कापड असं चढायचं की बघत राहावं. आत्या लहानपणी बाजूला उभी राहून बापासारखंच हुंगायची, आणि बाप तिला हसायचा.

मग लढाई आली. चुनीलाल शेठनं पलटणीचं कापड खाकी रंगवायचं काम घेतलं आणि नीळवाले सगळे भट्टीवर नेले. परगावाहून नारिंगी खड्यांची पिंपं आली. खडे कुटायचे, कढईत उकळायचे, कापड त्यात घोळायचं. काय होतं ते कोणी सांगितलं नाही. आता रंगारी माणूस, त्याला काय खोड? कढई दिसली की नाक खाली. बाबा त्या वाफेत वाकून रंग हुंगायचा, जसा नीळ हुंगायचा तसाच. शेठ मात्र दारातच उभा, नाकाला उपरण्याचा बोळा.

"शेठ, दारमा काय उभा, मजार या ना, रंग देखा."

"इथून दिसतो रे, तू घे वास."

तू घे वास! ऐकलंत ना?

आधी शिंका. मग घोळणा फुटायला लागला, सकाळी उठलं की उशी लाल. नाकातून खपल्या निघायच्या, सुपारीच्या खांडासारख्या. हातावर बारीक खड्डे पडले. मग एकदम दुखणं थांबलं, बाबाला वाटलं बरं झालं. बरं कसलं, नाकाच्या मधल्या पडद्यालाच भोक पडलं होतं. श्वास घेतला की शिट्टी वाजायची.

"बाबा, चहा उकळना का?" आत्या चुलीपासून ओरडायची.

"नही व माय, मी श्वास ली ऱ्हायनू."

दोघं हसायचे. पण नंतर भाकर जळाली तरी बाबाला वास येईना. आणि हळूहळू नाकाचा दांडाच खाली बसला. मधे असा खळगा, बोट ठेवलं तर बोट मावावं. शेंडा वर आला. तेव्हा आत्या हसायची थांबली.

त्याच साली शहाद्याच्या हिंमतरावांनी पोरासाठी आत्याला मागणी घातली. बोलणी आत्याचा काका शहाद्याला जाऊन करून आला, साखरपुडा ठरला. मांडवात पंगत बसली, चुनीलाल शेठ मानाच्या पाटावर. बशीर पण आला होता, भट्टीवर बाबाच्या जोडीला काम करणारा, तो पलीकडे कडेला जेवायला बसला. हिंमतरावांनी पहिला घास उचलला आणि समोर बाबाची शिट्टी वाजली. त्यांनी वर पाहिलं. घास हातातच राहिला.

"भटूभाऊ, नाकले काय व्हयनं?"

"भट्टीनी वाफ लागनी, भाऊ."

"वाफवरी नाक बसस का कुठे?" त्यांनी पत्रावळ पुढं सरकवली. मागून कोणीतरी म्हणालंच, "रगतपिती शे, महारोग."

आत्या आत पुऱ्या तळत होती. तशीच बाहेर आली, हाताला पीठ. नवरीनं असं यायचं असतं का! पण आली.

"शेठकाका, तुम्ही सांगा. तुम्हना भट्टीवर व्हयनं ना? तुम्ही नाकले उपरनं लाईसन उभा ऱ्हातस, ते कसाले?"

शेठनं कढीत भात कालवला. "पोरी, मला धूर सोसत नाही. बाकी देवाचं देणं. मी काय डॉक्टर आहे?"

तेव्हा बशीर उठला. "सेठ, झूठ मत बोलो." त्यानं मांडवाच्या डहाळीची लवचिक काडी तोडली, एका नाकपुडीत घातली आणि दुसऱ्या नाकपुडीतून शेंडा काढून दाखवला. बायका किंचाळल्या. त्याचं नाक वरून सरळच होतं अजून. "देखो. मेरे को भी है. एकच कढई."

"आमनं घर येगळं, यासनं घर येगळं," आत्या म्हणाली. "भोक मात्र एकच कसं?"

हिंमतराव काही वाईट नव्हते. ते थांबले. "शेठ, तुम्ही निस्तं हो म्हना. मी उठाव नही."

एक शब्द. फक्त एक. सगळी पंगत शेठच्या तोंडाकडं बघत होती. हो म्हटलं असतं तर उद्या भट्टीवर कोण आलं असतं? तेच मोजत होता तो.

"नाही," शेठ म्हणाला. "माझ्या भट्टीवर कुणाला काही झालं नाही."

हिंमतराव उठले. तेव्हा बाबाच हात जोडून पुढं झाला. "मी घर सोडस, भाऊ. मांडवमा बी येवाव नही. पोरले ली जा."

"तसं व्हयी," हिंमतराव म्हणाले. "कन्यादान तिना काका करी."

"बाबा गया ते मी बी गई," आत्या म्हणाली. तिनं साखरपुड्याचा नारळ उचलला आणि हिंमतरावांच्या हातात दिला. "हाऊ ल्या तुम्हना नारळ."

बाबा तिला तेव्हा काय नाही बोलला! "मूरख पोर! तुले कोन करी आते?" वऱ्हाड गेलं. शेठ मात्र जेवण पुरं करून, हात धुऊन गेला.

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस बोलवायला आला. बाबानं धोतर खोचलं. आत्या उंबऱ्यात आडवी बसली.

"सर व. काय खासूत?"

"माती खासूत. भट्टीवर जावानं नही."

"मन्हं नाक ते गयंच. आते काय जावानं ऱ्हायनं?"

"तुम्ही शेतस ना अजून, जित्ता," ती म्हणाली.

बाबा तिथंच बसला. तोंड फिरवून बसला. पण गेला नाही. शेठचा माणूस जरा वेळ ताटकळला, शिवी दिली आणि बशीरच्या दाराला गेला. बशीरच्या घरी खाणारी तोंडं फार, तो गेला. पुढं त्याचंही नाक बसलं. लोक त्यालाही महारोगीच म्हणाले.

शेठचं नाक मरेपर्यंत सरळ होतं, हरामखोराचं.