चावीआधीच्या दोन फेऱ्या

सर्जेराव बसत नाही. बिबवेवाडीत त्याचं गॅरेज माझ्या घरासमोर आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसतो. त्या बाकावर मी त्याला कधी पाहिलेलं नाही. चहा उभ्याने. डबा बॉनेटवर ठेवून, तोही उभ्याने. भाच्याच्या लग्नात त्याला ओढून पंगतीत बसवलं, तर तो उठून वाढायला लागला.

उन्हाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. तो गच्चीवर फेऱ्या मारत राहिला. डोळा बरा झाला, पण जवळचं बारीक बघायला चष्मा लागू लागला, आणि वाकून काम करताना तो चष्मा नाकावरून घसरतो.

त्याचा मुलगा विश्वजीत खराडीला कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, ब्रेक आणि क्लच करा हवं तर. इंजिन ओपन करू नका. रिस्क आहे."

गॅरेजची जागा मोबाइलच्या दुकानासाठी मागणारा एक माणूस होताच. विश्वजीतने त्याला दसऱ्याला बोलावलं. मग बापलेकांत बोलाचाली झाली आणि ठरलं ते असं: तोवर सर्जेरावने एक इंजिनचं काम एकट्याने करून दाखवायचं. नीट झालं तर गॅरेज चालू. बिघडलं तर शटर खाली.

काम आलं ते पद्मजाबाईंच्या गाडीचं. बाई शनिवार पेठेतल्या, शाळेतून निवृत्त. गाडी जुनी, पेट्रोलची. पाण्याचा पंप गळत होता. त्या गाडीत हा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप बदलायचा म्हणजे बेल्ट काढायचाच, आणि काढलेला जुना बेल्ट पुन्हा घालणारा माणूस आळशी असतो. सर्जेराव आळशी नाही. दोन्ही नवीन घालायचं ठरलं.

बेल्टचं काम काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनच्या खालच्या आणि वरच्या दांड्याला तो दातांनी एकत्र बांधतो. दोन्ही पुल्यांवर खुणा असतात. खुणा जुळवून बेल्ट चढवायचा. एखादा दात चुकला तर गाडी रडत चालते. जास्त चुकले तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेलं. म्हणून बेल्ट ताणला की चावी मारायची नाही. आधी खालच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवायचं आणि खुणा पुन्हा बघायच्या. या फेऱ्यांना ताकद लागत नाही, धीर लागतो.

पहिला पंप चुकीचा आला. दुसरा यायला वेळ लागला. पंपाच्या जोडातली गळती रोखणारं जुनं गॅस्केट दगडासारखं चिकटलेलं, ते खरवडण्यात खंडेनवमीचा अर्धा दिवस गेला. सर्जेरावचं ओरखडा न पाडता खरवडणं मी पाहत होतो. ते काम चोख होतं. बेल्ट चढवला तेव्हा दिवस कलला होता, आणि त्याची बायको विजयमाला ताट घेऊन दारात उभी होती.

"अहो, हत्यारं द्या."

"थांब की जरा."

"किती थांबू? निरांजन विझायला लागलंय."

त्याने बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आवळला, उरलेलं घाईने जोडलं, वरचं क्लिपांचं झाकण दाबलं आणि पाने तिच्या हातात दिले. तिने ते पुसून फळीवर मांडले, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. त्यांच्या घरचा नियम असा की नवमीला मांडलेली हत्यारं दसऱ्याचं सोनं लुटल्याशिवाय उचलायची नाहीत. सर्जेरावच्या वडिलांनी शेतातल्या नांगरालाही त्या काळात कधी हात लावला नव्हता.

हात धुताना तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, फेऱ्या राहिल्या."

दसऱ्याला सकाळी मी गेलो तेव्हा तो गाडीभोवती फिरत होता. बॉनेट उघडायचा, लावायचा. फळीजवळ जायचा, माळेकडे बघायचा, परत यायचा.

"खुणा जुळल्या होत्या ना?" मी विचारलं.

"आवळायच्या आधी जुळल्या व्हत्या. आवळताना चष्मा घसरला. त्यानंतर म्या बघितलंच न्हाई." त्याने बॉनेट पुन्हा उघडलं. "ठीकच असंल. न्हाई तरी असंल. काय सांगू?"

"मग संध्याकाळपर्यंत थांब."

"बाई आत्ता यायच्यात. त्यांना सासवडला बहिणीकडं जेवायला जायचंय. दिवे घाट हाय मधी."

पद्मजाबाई आल्या त्या झेंडूचा हार, आपट्याची पानं आणि दोन लिंबं घेऊनच. हार त्यांनी स्वतः बांधला. लिंबं पुढच्या चाकांखाली ठेवली. गाडीचं तोंड शटरच्या दिशेने होतं. समोर विजयमालाने काढलेली रांगोळी, तिच्यापलीकडे रस्ता.

"चला सर्जेराव, मारा चावी. लिंबं फोडू आणि मी निघते."

विश्वजीतही तोवर गॅरेजवरच्या घरातून जिन्याने खाली आला होता. सर्जेरावने चावी हातात घेतली. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. गाडी चालू झाली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. त्याने चावी खिशात टाकली.

"बाई, चावी मारायची न्हाई. एक तपासणी राहिलीय."

"मग करा की."

"पाना पूजेत हाय."

पद्मजाबाईंनी फळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे डॉक्टर हजर, पेशंट हजर, आणि स्टेथोस्कोप देव्हाऱ्यात. छान. बहिणीला कळवते, पुरणपोळी उद्या शिळी खाईन म्हणून."

विश्वजीत हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, सिरियसली? काल चेक नाही केलं?"

सर्जेराव गाडीला एक चक्कर मारून आला. मग एकदम म्हणाला, "बाई, आत बसा. ही घ्या चावी, पण फक्त स्टिअरिंग सुटंल एवढीच फिरवा. पाचवा गिअर टाका, क्लच सोडून द्या. दादा, विश्वजीत, मागं या. ढकलू."

मला लगेच कळलं. गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनला फिरवतात. पाना नको.

गिअरमधली गाडी ढकलणं मोकळी गाडी ढकलण्यासारखं नाही. ती अडते. आत हवा दाबली जाते आणि गाडी मागे रेटते. पण ते रेटणं मऊ असतं, उशीवर हात दाबल्यासारखं. लोखंडाला लोखंड लागलं तर ती कडक थांबते. तेव्हा जोर लावायचा नाही, सोडून द्यायचं. हे मी विश्वजीतला सांगितलं. त्याने बूट काढून ठेवले, का ते माहीत नाही.

"हळू," सर्जेराव समोरून म्हणाला. त्याने वरचं झाकण काढलं होतं. बॉनेट उघडं असल्यामुळे बाईंना समोरचं दिसत नव्हतं. त्यांनी मान खिडकीबाहेर काढली होती.

आम्ही जोर दिला. गाडी हलली, अडली, सरकली. लिंबं फुटली. पुन्हा अडली. माझ्या पोटऱ्या भरल्या. विश्वजीतचा श्वास मला ऐकू येत होता. प्रत्येक अडण्याला मी हाताच्या तळव्यांनी ते मऊ आहे की कडक, हे चाचपत होतो. मऊ होतं. पुन्हा मऊ.

दोन फेऱ्यांना गाडी जेमतेम अडीच हात पुढे गेली. खालच्या पुलीची खूण जागेवर आली तशी सर्जेराव ओरडला, "बास."

तो वाकला. चष्मा घसरला. त्याने तो वर ढकलला, पुन्हा वाकला, मोबाइलचा उजेड पाडला. उभा राहिला. पुन्हा वाकला. मग त्याने विजयमालाला हाक मारली. ती घरी साड्यांना फॉल लावते, रेशमाच्या धाग्यातला धागा वेगळा काढते.

"वरच्या चाकावर पांढरी रेघ हाय. तिच्यासमोर लोखंडावर चीर हाय. समोरासमोर हायेत का?"

तिने पदर खोचून बघितलं. "नाहीत. रेघ अलीकडे आहे. एका दाताएवढी."

सर्जेराव रस्त्यापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"चुकली," तो विश्वजीतला म्हणाला. "माझ्या हातनं चुकली. आवळताना वरची पुली सरकली आणि मला दिसलं न्हाई."

विश्वजीत पुढे आला होता आणि पायाला लागलेली रांगोळी झटकत होता. "गाडी सुरू झाली असती?"

"झाली असती. घाटात दम टाकला असता."

पद्मजाबाई गाडीतून उतरल्या. पुढची चाकं शटरची पट्टी आणि रांगोळी ओलांडून बाहेर आली होती. बाईंनी ती बघितली, पिशवीतलं आपट्याचं पान काढलं आणि विजयमालाच्या हातावर ठेवलं.

"घ्या. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. गाडीने सीमोल्लंघन केलेलं आहे, मी साक्षीदार आहे. आता आपल्या घरच्या नियमाचं काय ते आपण बघा."

विजयमालाने पान कपाळाला लावलं. मग फळीजवळ गेली, नमस्कार केला, झेंडूची माळ बाजूला काढली आणि पाना नवऱ्याच्या हातात दिला. त्यावर कुंकू होतं. त्याने ते पुसलं नाही.

बेल्ट सैल करून पुन्हा चढवायला दुपार झाली. या वेळी सर्जेरावचे हात होते आणि डोळे विजयमालाचे. ती "आली" म्हणाली की तो थांबायचा. आवळून झाल्यावर तिने पुन्हा बघितलं. मग पान्याने दोन फेऱ्या. रेघ चिरेसमोर आली. त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या.

"अहो, बघितलं ना मी?"

"बघितलंस. पण मारू दे."

मोबाइलच्या दुकानासाठी जागा मागणारा आला तेव्हा दोघं बॉनेटखाली वाकलेली होती. त्याने बाहेरूनच विश्वजीतला विचारलं, "आज बंद असणार म्हणालात ना?"

विश्वजीत मोबाइल धरून आईला उजेड दाखवत होता. तो वर न बघता म्हणाला, "सॉरी, चालू आहे."

मग चावी मारली. इंजिन एका दमात लागलं आणि एकसारखं बोलू लागलं. पंपाखाली सर्जेरावने कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला.

पद्मजाबाई निघाल्या. जाताना म्हणाल्या, "सर्जेराव, आता तरी बसा."

"हो बाई," तो म्हणाला, आणि गाडी वळेपर्यंत तिच्यामागे रस्त्यावर चालत गेला.