गोल काढणाऱ्या मॅडम

‘आंधी गोल काढ, मंग बोल.’

हे म्हणताना मॅडम उजव्या हाताचं बोट वर करून हवेत एक मोठा गोल काढत. समोर सातवीतला पोरगा असो, मुख्याध्यापक असोत, नाहीतर वरवट बकालच्या बाजारातला वांगीवाला, गोल ठरलेला. एकदा डबा खाताना माझं वरण सांडलं. मी फडकं शोधेपर्यंत यांनी बोटानं त्याचे एकमेकांत अडकलेले दोन गोल केले. म्हणाल्या, ‘पाहा बाई, ह्या गोलात तुह्या सासूचं म्हणनं, ह्या गोलात तुहं. मधात काय येते ते सांग.’

मी म्हटलं, ‘मधात माझा नवरा येतो.’

दोघींना असा ठसका लागला की मुख्याध्यापक पाणी घेऊन धावत आले.

संग्रामपूर तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला गेले तेव्हा त्या तिथं चांगल्या मुरलेल्या होत्या. मी नाशिककडची. पहिल्याच दिवशी एका मुलानं ‘मॅडम, काऊन हसून राह्यल्या?’ असं विचारलं आणि मी कावळा कुठे म्हणून खिडकीबाहेर पाहिलं. वर्ग जो खिदळला! शेजारच्या वर्गातून या आल्या, काय झालं ते ऐकलं, फळ्यावर दोन गोल काढले. एकात ‘नाशिकची मराठी’, दुसऱ्यात ‘आमची मराठी’. ‘भरा’ म्हणाल्या. खडूसाठी झोंबाझोंबी झाली. एकीकडे ‘मला’, दुसरीकडे ‘मले’. एकीकडे ‘का’, दुसरीकडे ‘काऊन’. मधल्या, दोन्ही गोलांच्या वाट्याच्या जागेत कुणी ‘भाकर’ लिहिलं, कुणी ‘शाळा’, आणि एकानं माझं नाव लिहून टाकलं. त्या दिवशी घरी जाताना मी चक्क गाणं म्हणत गेले.

आमची पोरं धडे पाठ करायची. परीक्षेत एक ओळ आठवली नाही की पुढच्या सगळ्या ओळी गायब. मॅडमचं म्हणणं असं, की माहिती आधी डोळ्यांसमोर मांडायची. काय कशासारखं, काय कशाहून वेगळं, काय कशातून निघालं ते दिसलं की बोलणं आपोआप येतं. म्हणून त्यांचा निम्मा तास मैदानात. कबड्डीच्या रेषा मारायची पांढरी फक्की घेऊन त्या दोन भलेमोठे गोल आखत, एक बेडकाचा, एक माशाचा. त्या ओरडत, ‘पाण्यात राह्यते!’ की सगळी पोरं मधल्या जागेत. ‘उड्या मारते!’ की सगळी बेडकाच्या गोलात, तीही उड्या मारत. ‘कल्ले असते!’ म्हटलं की मात्र लढाई. ‘लहानपणी बेडकालेबी असते!’ असं एक जण ओरडला आणि अर्धा वर्ग त्यानं ओढून मधात नेला. मॅडमना एवढा आनंद झाला की त्यांनीही तिथल्या तिथे दोन उड्या मारल्या. पायांखालची फक्की उडून सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते.

तक्त्यावर काढलेलं कोळ्याचं चित्र हा त्यांचा आवडता प्रकार. पोटावर विषयाचं नाव लिहायचं आणि प्रत्येक पायावर एकेक मुद्दा. एकदा विषय होता कापूस. पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी असे आठही पाय भरले. तेव्हा प्रतीक्षा नावाची मुलगी उठली. ही वर्गात सहसा तोंड उघडत नसे. तिनं कोळ्याला नववा पाय काढला आणि त्यावर लिहिलं, ‘मायची कंबर दुखते.’

वर्ग हसला नाही. मॅडमनी जवळ जाऊन ते वाचलं. मग म्हणाल्या, ‘राहू द्या. लय कामाचा पाय हाय तो.’

तपासणीला साहेब आले तेव्हा तो तक्ता भिंतीवरच होता. त्यांनी पाय मोजले आणि विचारलं, ‘कोळ्याला नऊ पाय कसे?’ आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघू लागलो. प्रतीक्षा मात्र उभी राहिली. ‘साहेब, हा वऱ्हाडातला कोळी हाय. याले कपाशीत काम असते.’ साहेबांनी नववा पाय वाचला, प्रतीक्षाकडे पाहिलं, आणि शेऱ्यात ‘उत्तम’ लिहून चहा मागितला.

शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला संग्रामपूरला जायचं, तेही एसटीच्या भरवशावर. मुलगे जात, बऱ्याच मुली घरी बसत. आठवी गावातच सुरू करायची तर पालकांनी एकमतानं मागणी करायला हवी होती, आणि एकमत म्हटलं की आमचा गाव घाबरायचा. प्रतीक्षाचे वडील गणेशभाऊ आणि त्यांचे शेजारी प्रल्हादभाऊ यांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाकडं होतं. दोघं बोलत नसत. प्रल्हादभाऊंची वैष्णवी प्रतीक्षाच्याच वर्गात होती. दोघी शाळेत गळ्यात गळे घालत आणि गावात शिरताच दोन गल्ल्यांनी घरी जात. पालकसभा दरवेळी आठवीवरून सुरू व्हायची आणि धुऱ्यावर संपायची.

त्या वर्षीच्या सभेत मॅडमनी मुख्याध्यापकांचं भाषण सुरूच होऊ दिलं नाही. ‘चाला सगळे मैदानात.’ फक्कीचे गोल तयारच होते. ‘ज्याइले आठवी गावात पाहिजे, त्याइनं इकडं. ज्याइले शहरातली शाळा बरी वाटते, त्याइनं तिकडं. दोन्ही वाटते ते मधात. अन् उभं राहून कारण सांगा लागते.’

‘आम्ही का लहान पोरं हावो?’ कुणीतरी कुरकुरलं. पण पोरं भिंतीवर बसून बघत होती. बायका पदर खोचून आधी उतरल्या, मग पुरुषांना उतरावंच लागलं.

गर्दी बघता बघता मधल्या जागेत झाली. अगदी मधोमध, पाठीला पाठ लावून, गणेशभाऊ आणि प्रल्हादभाऊ. कुणी हलायला तयार नाही. हललं तर गोल बदलतो, गोल बदलला तर मत बदलतं.

‘प्रल्हादभाऊ, सांगा,’ मॅडम म्हणाल्या.

‘शाळा शहरातली मोठी, हाव. पण पोरीची एस्टी चुकली तं अंधार होऊन जाते. ती घरी येईपर्यंत माह्या जिवात जीव नसते.’

‘माह्यंबी तेच म्हणनं हाय,’ मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. गणेशभाऊंच्याही लक्षात आलं, की आपण प्रल्हादला उत्तर दिलं. कानापर्यंत लाल झाले बिचारे. मग घाईघाईनं म्हणाले, ‘पण धुरा माहाच हाय, सांगून ठेवतो.’

मैदान असं हसलं की प्रल्हादभाऊंनाही आवरलं नाही. मुख्याध्यापक हसता हसता मागे सरकले आणि फक्कीच्या घमेल्यात बसले. त्या गडबडीत गावातल्या आठवीचा ठराव एकमतानं झाला. पुढच्या उन्हाळ्यानंतर आठवी सुरू झाली, आणि प्रतीक्षा-वैष्णवी एकाच बाकावर बसल्या. धुऱ्याचं भांडण अजून चालू आहे, फक्त आता ते दोघं बोलून भांडतात.

आठवी जेमतेम रुळली आणि मॅडमची बदली आली. मेहकरला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पोरांनी घेराव घातला. ‘कोनं केली बदली?’

‘म्याच मांगतली होती बाप्पा. माहा नवरा तिकडं नोकरीले हाय. कित्येक वर्षं एकटाच खिचडी खाऊन राह्यला.’

‘मंग त्याइलेच इकडं बोलवा! आमी भाकर देतो!’

त्या खुशीत होत्या आणि डोळेही पुसत होत्या, दोन्ही एकदम. आठवडाभर वर्गात कुणी ‘मेहकर’ म्हटलं की बाकीचे त्याला ढकलून देत.

निघाल्या त्या दिवशी सगळी शाळा थांब्यावर होती. गणेशभाऊंनी भोपळा दिला, प्रल्हादभाऊंनी त्याहून मोठा. कुणी हरभऱ्याची जुडी, कुणी लोणचं. प्रतीक्षाच्या आईनं पिशवीत जिवंत कोंबडी दिली. मॅडमनी मला मिठी मारली तेव्हा कोंबडी आमच्या दोघींच्या मध्ये होती आणि तिनं बराच निषेध केला.

एसटी आली. मॅडम कशाबशा चढल्या, खिडकीशी बसल्या. कंडक्टरनं विचारलं, ‘कुठं जाचं?’

त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द निघेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही.

खाली पोरं थांबली होती. प्रतीक्षानं नाक पुसलं आणि जोरात ओरडली, ‘मेहकर!’ मग सगळीच ओरडली, ‘मेहकर! मॅडमले मेहकरले जाचं हाय!’

कंडक्टर म्हणाला, ‘ही गाडी मेहकरले जातच नाही. खामगावले बदला लागते.’

पोरांनी एकच कल्ला केला. ‘मॅडम, गाडी जातच नाही! उतरा! उतरा मॅडम!’

सगळी गाडी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मॅडम हसल्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या, कोंबडी छातीशी धरलेली. हसता हसताच त्यांनी एक बोट वर करून खामगावचं तिकीट मागितलं, आणि कंडक्टरनं घंटी दिली.